तंजावरचा दरबार आणि मदुरेचा माग

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांना तंजावर हे नाव परके नाही. १८८० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांचा विवाह तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाईंशी झाला. त्याच आपल्या पहिल्या चिमणाबाई महाराणी. त्यांच्या पाठोपाठ तंजावरच्या नर्तकी, त्यांचे नट्टुवनार आणि साथीदार बडोद्यास आले व येथील कलावंत कारखान्यात दाखल झाले. राज्याचा कारभार त्या वेळी सर टी. माधवराव यांच्या हाती होता. तेही तंजावरकडच्या मराठी मंडळींपैकीच. म्हणून तंजावरच्या मराठी माणसाविषयी आपल्याकडे नेहमीच एक आपलेपणा राहिला आहे. माझे वडील कलावंत कारखान्यातले. संस्थानाच्या अगदी अखेरच्या वर्षांत तरुण गायक म्हणून त्यांचे नाव पटावर चढले, आणि लवकरच, १९४९ साली, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबार मी पाहिला नाही, त्याच्या गोष्टी मात्र पोटभर ऐकल्या. तंजावरकरांचा विषय निघाला की वडील एवढेच म्हणत, "ती आपलीच माणसे. त्यांचे राज्य आपल्या आधी गेले, इतकाच फरक."

हा फरक चौऱ्याण्णव वर्षांचा आहे. तंजावरचे राज्य १८५५ साली खालसा झाले. आश्रय सुटल्यावर परमुलखात स्थायिक झालेल्या समाजाचे काय होते, हा जो प्रश्न आज आपल्यापुढे आहे, तो त्यांच्यापुढे कितीतरी आधी उभा राहिला. त्यांनी तो कसा सोडविला हे नीट समजायचे असेल, तर त्याच तमिळ मुलखात बाहेरूनच येऊन राहिलेल्या दुसऱ्या एखाद्या समाजाशी त्यांची तुलना करून पाहावी. असा समाज जवळच मदुरेस आहे, आणि नवलाची गोष्ट अशी की त्याचे मूळ थेट आपल्या बाजूचे. मदुरेचे सौराष्ट्री ते हेच. तमिळ लोक त्यांना पट्टनूलकार, म्हणजे रेशमी सुताचे लोक, म्हणत आले.

या लोकांची परंपरा त्यांना सौराष्ट्र आणि लाट देशाशी जोडते. लाट म्हणजे मोघम मही ते तापी यांमधला मुलूख. आपले बडोदे त्यातच येते. माळव्यातील मंदसोरला एक प्रसिद्ध शिलालेख आहे. लाटातून तेथे गेलेल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीने इ. स. ४३६ च्या सुमारास एक सूर्यमंदिर बांधले आणि ४७३ च्या सुमारास त्याचा जीर्णोद्धार केला, असे तो सांगतो. त्या श्रेणीतल्या काहींनी धनुर्विद्या धरली, काही ज्योतिषाकडे वळले, काही कथा सांगू लागले आणि उरलेले मागावरच राहिले, असेही त्यात आहे. मदुरेचे सौराष्ट्री आपले नाते याच विणकरांशी सांगतात. देवगिरी आणि विजयनगर अशा मुक्कामांनी ते दक्षिणेत उतरले आणि नायक राजांच्या काळात मदुरेत स्थिरावले. तिरुमल नायकाच्या महालाभोवतीच्या गल्ल्यांत त्यांची वस्ती आजही दाट आहे.

मराठे तंजावरला गेले ते निराळ्या वाटेने. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी ते राज्य घेतले. त्यांच्याबरोबर सरदार-शिलेदार गेले, कारकून-कारभारी गेले, पुराणिक-कीर्तनकार गेले, शिंपी-बारगीरही गेले. एक समाज हातात धोटा घेऊन आला, दुसरा कमरेला तलवार आणि कानावर लेखणी घेऊन. पहिल्याला राजाची मर्जी हवी होती, पण पोट गिऱ्हाईकावर होते. दुसऱ्याचे पोटच दरबारावर.

मानमरातबाच्या बाबतीत दोघांची स्थिती मुळीच सारखी नव्हती. मराठ्यांना आपण कोण हे कोणाला पटवून द्यावे लागले नाही. मदुरेच्या विणकरांना ते पदोपदी द्यावे लागले. १७०४-०५ च्या सुमारास, राणी मंगम्मालच्या कारकिर्दीत, श्रावणी करण्याचा यांना अधिकार काय, या मुद्द्यावरून त्यांच्यातल्या अठरा जणांना पकडण्यात आले. राणीने शास्त्री-पंडितांची सभा बोलावली, निर्णय विणकरांच्या बाजूने झाला, आणि तसे ताडपत्र त्यांना मिळाले. तरी वाद संपला नाही. इंग्रजी अमदानीतही तो धुमसत होताच. ज्या समाजाला आपली जागा अशी भांडून मिळवावी लागते, त्याला एकत्र राहण्याची सवय लागते. मदुरेकरांना ती लागली.

आता १८५५ नंतरचे तंजावर पाहा. दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्याबरोबर वाड्यातली खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी फिर्याद केली. १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने, हे राजसत्तेचे कृत्य असून न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही, असा निकाल दिला. शिलेदारांच्या तलवारी आधीच निकामी झाल्या होत्या. आता तैनातीही आटल्या. वाड्याच्या आधाराने राहिलेल्या कितीतरी घरांचे पुढे हलाखीतच गेले.

पण लेखणीवाल्यांचे तसे झाले नाही. मोडी लिपी आणि मराठी हिशेब यांच्या जोरावर तंजावरकडची देशस्थ मंडळी मद्रास इलाख्याच्या महसूल खात्यात आधीच शिरली होती. पुढे त्यांनी इंग्रजी उचलले, तेही सर्वांच्या आधी. माधवराव कुंभकोणमचे, जन्म १८२८ चा. त्यांचे वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव दोघेही त्रावणकोरचे दिवाण. माधवरावांनी मद्रासला पॉवेलसाहेबांच्या हाताखाली शिक्षण घेतले, १८५७ ते १८७२ त्रावणकोरची दिवाणगिरी केली, मग इंदूरची, आणि १८७५ ते १८८२ आपल्या बडोद्याची. त्यांचे आप्त रघुनाथराव इंदूरचे दिवाण झाले आणि विधवाविवाहाचे कैवारी म्हणून गाजले. कुंभकोणमचेच व्ही. पी. माधवराव त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदे अशा तीन राज्यांचे दिवाण. एवढ्याशा समाजातून इतके मुत्सद्दी निघावेत, ही साधी गोष्ट नव्हे. त्या काळात मदुरेच्या मागवाल्यांकडे याच्या तोडीचे एकही नाव नव्हते.

म्हणजे हुद्दा आणि विद्या यांचा काटा लावला, तर तंजावरचे पारडे सरळ खाली जाते. पण या यशाची एक किंमत होती. दिवाण जिकडे जातो तिकडे त्याचे बिऱ्हाड जाते. शिकलेले घर मद्रासला गेले, मग मुंबईला, मग आणखी दूर. मागे राहिलेल्यांची मराठी तमिळशी मिसळत घरातल्या घरात आक्रसत गेली. वर गेलेला आणि मागे राहिलेला यांना बांधून ठेवील असे काही उरले नाही, कारण बांधणारा दोर दरबार होता, आणि तोच तुटला होता.

मदुरेकडे उलट घडले. पिढ्यान् पिढ्या तोच माग, तीच गल्ली. त्यांच्या घरचे सुंगुडी लुगडे, आपल्या बांधणीचे जणू मावसभावंड, गाठी मारून रंगविलेले, दक्षिणेत घरोघर गेले. २००५ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी आपली सौराष्ट्र सभा उभारली. त्या सभेचे मंदिर आहे, शाळा आहेत. रामराय यांच्यासारख्यांनी सौराष्ट्री भाषेला लिपी घडवून छापील पुस्तके काढली, आणि २००८ साली ती लिपी युनिकोडमध्येही गेली. त्यांचे संतकवी नटनगोपाल नायकी स्वामी तमिळबरोबर सौराष्ट्रीतही पदे करीत. १९३९ च्या मदुरेच्या मंदिरप्रवेशात वैद्यनाथ अय्यरांच्या बरोबरीने उभे राहिलेले, पुढे लोकसभेत गेलेले, एन. एम. आर. सुब्बरामन याच समाजाचे. २०११ च्या जनगणनेत सौराष्ट्री ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारे अडीच लाखांच्या आसपास निघाले. गुजरात सोडून शतके लोटली, आजूबाजूला सगळे तमिळ, आणि तरी घरात भाषा जिवंत!

याचा अर्थ मदुरेस सगळे गोमटे होते असे मात्र कोणी समजू नये. सूत देणारा सावकार आणि मजुरीने विणणारा विणकर एकाच जातीचे असले, तरी ताटातले अन्न सारखे नव्हते. यंत्रमाग आल्यावर हातमागाचे कंबरडे मोडले आणि बहुतेकांना माग सोडून दुसरे धंदे पाहावे लागले. आज तमिळनाडूच्या मागासवर्गांच्या यादीत सौराष्ट्रीही आहेत आणि ब्राह्मणेतर मराठेही. एके काळचे राज्यकर्ते आणि एके काळचे विणकर सरकारी कागदावर शेजारी-शेजारी बसले आहेत. दरबाराने दिलेली थोरवी किती काळ पुरते, हे सांगायला याहून वेगळा दाखला नको.

मी गाणे शिकविणारा माणूस. मला ही तुलना शेवटी गाण्यातच उलगडली. दुसरे सरफोजीराजे (१७९८ ते १८३२) म्हणजे कलेचे केवढे आश्रयदाते! पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चार भावांनी त्यांच्याच दरबारात नृत्याची आजची मांडणी घडविली. पण त्याच राज्यात, तंजावरपासून हाकेच्या अंतरावर तिरुवैयारूला, त्यागराज राहत होते, आणि त्यांनी राजाचे बोलावणे नाकारले असे सांगतात. मग त्यागराजांच्या कृती आपल्यापर्यंत पोचविल्या कोणी? अनेक शिष्यांनी; पण त्यांतले एक मोठे नाव वेंकटरमण भागवतरांचे. तंजावरजवळच्या अय्यमपेटच्या विणकरवस्तीतले ते सौराष्ट्री. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने गुरूच्या कृती आणि चरित्र लिहून ठेवले. पुढे ते वालाजापेटला राहिल्यामुळे ती हस्तलिखिते वालाजापेटच्या नावाने ओळखली जातात. ती जपली कोणी, तर मदुरेच्या सौराष्ट्र सभेने.

दुसरीकडे, तंजावरच्या मराठी गाण्यातले आज काय टिकले आहे? तमिळ हरिकथा ऐकणाऱ्याला साकी आणि दिंडी ही नावे परकी नाहीत. मोरगावकर रामचंद्रबुवांसारख्या मराठी कीर्तनकारांनी तेथे कीर्तन केले, तंजावर कृष्ण भागवतरांनी त्या धर्तीवर तमिळ हरिकथा उभी केली, आणि आपली वृत्ते शेजाऱ्याच्या तोंडी बसली. दरबारात राहिलेले दरबाराबरोबर गेले. लोकांत वाटलेले राहिले. सरफोजींचे सरस्वती महाल ग्रंथालय तेवढे याला अपवाद. तेथे मराठी हस्तलिखिते तीन हजारांवर आहेत. ती वाचणारे किती, हा वेगळा प्रश्न.

आणि एक गंमत सांगतो. छत्रपतींच्या भूमिकेवरून 'शिवाजी' हे नाव मिळालेले गणेशन तमिळ पडद्यावर गाऊ लागले की आवाज बहुधा टी. एम. सौंदरराजन यांचा असे. ते २०१३ साली वारले. तेही मदुरेचे सौराष्ट्रीच.

आता आपल्याकडे वळू. आपण बडोद्याचे मराठी लोक माधवरावांच्या वाटेने आलो आहोत. दांडिया बाजारातल्या वाड्यांतली मुले शिकली, मोठ्या जागांवर गेली, पुण्या-मुंबईस आणि परदेशी स्थायिक झाली. त्यात वाईट काहीच नाही. शिकू नका, जाऊ नका, असे कोण म्हणेल? परंतु माझ्याकडे येणाऱ्या मराठी मुलांपैकी कित्येकांना अभंगाचे शब्द मी गुजराती लिपीत लिहून देतो. मुले गोड गातात, अर्थ विचारतात, समजही चांगली आहे. फक्त 'ळ' म्हणताना अडखळतात, आणि घरी आजी-आजोबा नसले तर शब्द विचारायला कोणी नसते. मदुरेच्या विणकराला जे साधले ते आपल्याला का साधू नये?

याचे उत्तर आपल्याच महाराजांनी देऊन ठेवले आहे. १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा देऊन त्यांनी गाणे दरबारातून वर्गात आणले. १८९० साली कलाभवन काढून रंगारी आणि विणकर यांच्या विद्येलाही वर्ग दिला. राज्य गेले तरी ती गायनशाळा गेली नाही, विद्यापीठात वाढली. माझ्यासारख्यांची चूल त्या परंपरेवर पेटते आहे. २०२३ साली सौराष्ट्र-तमिळ संगममच्या निमित्ताने मदुरेकडची ही मंडळी सोमनाथला येऊन गेली, तेव्हा शतकांपूर्वीचे घर पाहायला आलेल्या त्या लोकांजवळ आपली भाषा होती. उद्या आपली नातवंडे पुण्याला किंवा साताऱ्याला मूळ गाव पाहायला गेली, तर त्यांच्याजवळ काय असेल, हे आपण आज त्यांना काय शिकवतो यावर आहे. त्याला दरबार लागत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ, एखादी खोली आणि शिकवणारे एक माणूस एवढे पुरे.