मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका, बंदीचे दोन महिने कामी लावा



आपल्या एका तांडेलकाकांचा गेल्या हंगामात जेटीला बोट लावताना दोनदा अंदाज चुकला. समोरच्या बोटीचा दिवा त्यांना पसरट दिसत होता. मी म्हटलं, "काका, डोळे दाखवून घ्या." तर म्हणाले, "मोतीबिंदू आहे रे, अजून पिकला नाही." असे म्हणणारे आपल्यात बरेच आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

मोतीबिंदू म्हणजे काय?
डोळ्याच्या बाहुलीमागे स्वच्छ भिंग असते, ते गढूळ होते. वयाबरोबर हे होतेच. मधुमेह, विडी-सिगारेट, डोळ्याला मार आणि वर्षानुवर्षांचे ऊन यांमुळे लवकर होते. आपल्याला तर ऊन वरूनही लागते आणि पाण्यावरूनही. म्हणून तरुणांनी आतापासूनच टोपी आणि चांगला गॉगल वापरावा.

ओळखायचे कसे?
धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते, दिव्याभोवती वलय दिसते, चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. बाजारात मासळी विकणाऱ्या आईला नोट ओळखायला वेळ लागतो. दुखत नाही, म्हणून आपण चालढकल करतो. पण धूसर दिसते म्हणजे मोतीबिंदूच, असे नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, म्हणून तपासणी आधी.

उपचार
थेंब घालून मोतीबिंदू जात नाही, शस्त्रक्रियाच लागते. डोळा बधिर करून बारीक छेदातून गढूळ भिंग काढतात आणि कृत्रिम भिंग बसवतात. बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. पिकू द्यायची गोष्ट जुनी झाली. कामात अडचण येऊ लागली की करून घ्यावी. जास्त पिकलेला मोती कडक होतो, काढायला अवघड जातो, कधी फुगून डोळ्यातला दाबही वाढवतो.

बंदीतच का?
शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवडे थेंब घालावे लागतात. सुरुवातीचे काही आठवडे डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही, जड ओढायचे नाही, डोळा चोळायचा नाही. हंगामात हे जमते का? १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, तेव्हा जमते. म्हणून मे महिन्यातच डोळे, साखर आणि बीपी तपासून तारीख घ्या. चालू असलेली सगळी औषधे डॉक्टरांना सांगा, लघवीच्या त्रासाची गोळीसुद्धा. सरकारी इस्पितळात ही शस्त्रक्रिया मोफत होते.

नंतर डोळा दुखला, लाल झाला किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तांडेलाच्या नजरेवर सगळ्या खलाशांचा जीव असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे वाचून दाखवा.

– सचिव