वेरूळचा गिलावा आणि तुमचा केळीच्या धाग्याचा ट्रे

केळीचा धागा, घायपात, ताग, पऱ्हाटी यांपासून ट्रे, पॅनल किंवा बोर्ड बनवायचाय असं म्हणणारे दोन-तीन जण आता प्रत्येक बॅचमध्ये असतातच. आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, हॉट प्रेस किती टनाचं घेऊ?" थांबा. कर्जाच्या फाइलवर सही करायच्या आधी एकदा वेरूळला जाऊन या. चेष्टा नाही करत.

आपल्या शहरापासून तीसेक किलोमीटर. तिथलं १२ क्रमांकाचं लेणं म्हणजे तीन ताल. पुरातत्त्व खात्यात रसायनतज्ज्ञ असलेले राजदेव सिंह आणि आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या मातीच्या गिलाव्याचे नमुने तपासले. २०१६ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष आला: गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेत. ओळख पक्की करायला त्यांनी जालन्यातून आणि दिल्लीच्या आसपासून त्या झाडाचे नमुने आणून ताडून पाहिले होते. माती हा बाइंडर, तंतू हे मजबुतीकरण. आज आपण ज्याला 'कंपोझिट' म्हणतो तेच, आणि हजार वर्षांहून जास्त काळ टिकलेलं.

अजिंठ्याच्या गिलाव्यातही वनस्पतींचे तुकडे आहेत, पण भांग नाही, आणि तिथल्या चित्रांचं किड्यांनी बरंच नुकसान केलंय. वेरूळला कीड लागली नाही ती भांगेमुळे, असं या संशोधकांचं म्हणणं. म्हणजे 'नैसर्गिक आहे' एवढं पुरत नाही. कोणता धागा, कशात मिसळला आणि कुठे वापरला, यावर सगळं ठरतं. शिवाय तो गिलावा डोंगराच्या पोटात आहे, पावसाच्या धारेखाली नाही, हेही विसरू नका.

(आता लगेच भांग लावायला निघू नका. एनडीपीएस कायदा १९८५ चा आहे आणि परवानगीशिवाय लागवड केली तर धंद्याआधी जामीन शोधावा लागेल. आपल्याकडे अंबाडी, ताग, घायपात आणि केळीचे खांब भरपूर आहेत.)

माझं प्लायवूड-हार्डवेअरचं दुकान आहे. मधोमध तुटलेला बोर्ड घेऊन येणारं गिऱ्हाईक क्वचित. कडेने फुगलेला बोर्ड घेऊन येणारं पावसाळ्यात दर आठवड्याला. वनस्पतीच्या धाग्याचंही दुखणं हेच. धागा स्वतः दणकट असतो, पण तो पाणी ओढतो. साध्या हवेतसुद्धा त्यात वजनाच्या ८ ते १२ टक्के ओलावा असू शकतो. रेझिनला मात्र पाणी नको असतं. दोघांची पकडच बसत नाही. भार आला की धागा तुटत नाही, सुरीसारखा म्यानातून सरकून बाहेर येतो. मागच्या बॅचमधल्या एका ताईंचा ट्रे एप्रिलमध्ये सुंदर होता. ऑगस्टमध्ये त्याच्या कडांना पापुद्रे सुटले. धागा तोच, प्रेस तोच. फक्त हवा बदलली.

मग ही पकड बसवायची कशी? सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कॉस्टिक सोडा. धाग्यावर मेण आणि चिकट थर असतो, तो निघतो, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि रेझिनला धरायला जागा मिळते. साधारण ५ टक्क्यांचं द्रावण, म्हणजे ९५० ग्रॅम पाण्यात ५० ग्रॅम सोडा. किती वेळ भिजवायचं हे धाग्याप्रमाणे बदलतं, म्हणून तीन जुड्या घ्या: एक तास, दोन तास, चार तास. धुवा, वाळवा, ओढून बघा. सोडा जास्त झाला तर धागाच कमजोर होतो, त्यामुळे 'जरा जास्त टाकला तर जरा जास्त चांगलं' हा आपला लाडका हिशोब इथे चालत नाही. हातमोजे आणि चष्मा लागतोच. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. शेवटच्या धुण्यात थोडं व्हिनेगर घाला आणि लिटमस पेपरने तपासा. ते पाणी तसंच नाल्यात सोडू नका. प्रदूषण मंडळाची परवानगी प्लांट बसवायच्या आधी विचारा, नंतर नाही.

दुसरं काम वाळवणं. लोक इथेच कंजूषी करतात. उन्हात वाळलेला धागा हाताला कोरडा लागतो, पण गरम प्रेसमध्ये त्यातला उरलेला ओलावा वाफ होतो, आणि वाफेचे बुडबुडे म्हणजे आतली पोकळी. त्या पोकळीतूनच पुढे पाणी शिरतं. माझं स्पष्ट मत आहे: बजेट तुटपुंजं असेल तर प्रेस सेकंडहँड घ्या, ड्रायर चांगला घ्या.

प्लास्टिकमध्ये मिसळणार असाल तर तापमान बघा. २०० अंशांच्या वर धागा करपायला लागतो. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ ला वितळतं, ते चालतं. बाटल्यांचं पेट २५० च्या आसपास वितळतं, ते विसरा. पॉलिप्रॉपिलीनलाही धागा आपणहून चिकटत नाही. त्यात मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन दोन ते पाच टक्के टाकतात. ते दोघांमधला मध्यस्थ. आणि धागा कटरमध्ये घालून त्याचा भुसा करू नका. भुसा जागा भरतो, ताकद देत नाही.

हे सगळं जमलेलं उदाहरण हवं? पूर्व जर्मनीची ट्राबांट गाडी. १९५७ ते १९९१ बनली, आणि बाहेरचे पॅनल कापसाच्या टाकाऊ तंतूत फिनॉल रेझिन दाबून केलेले. कापूस पिकवणाऱ्या मराठवाड्याने हे लक्षात ठेवायला हरकत नाही. मुंबईच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनवायचं तंत्रही विकसित केलंय. आपण अजून पऱ्हाटी बांधावर पेटवतो.

आता घरी करायची परीक्षा, खर्च जवळपास शून्य. तुमच्या नमुन्याचे दहा सारखे तुकडे कापा. वजन आणि जाडी लिहून घ्या. पाच तुकडे २४ तास पाण्यात बुडवा, पुसा, पुन्हा मोजा. मग भिजलेले पाच आणि कोरडे पाच, दोन विटांवर आडवे ठेवून मध्ये वजन टांगत जा, मोडेपर्यंत. कोरडा तुकडा १० किलोला मोडला आणि भिजलेला ४ ला, तर तुमच्या मालाची ताकद ४ समजायची. कस्टमर त्याच्या घरी ४ वालाच वापरणार आहे. सोड्याचा आणि बिनसोड्याचा, कडा सील केलेला आणि न केलेला, असे वेगळे गट करून बघा. कोणता खर्च वसूल होतो ते वहीत दिसेल.

हे आकडे बरे आले की चिकलठाण्याच्या सिपेटमध्ये रीतसर टेस्टिंगची चौकशी करा. पार्टिकल बोर्ड विकणार असाल तर आयएस ३०८७ हे मानक वाचून जा. प्रेसचं कोटेशन मागवायचं ते त्यानंतर.