मागच्या व्हॅनमधून

रेस अक्रॉस अमेरिकेचे फोटो तुम्ही पाहिले असतील. मॉन्युमेंट व्हॅलीतले लाल सुळके, क्षितिजापर्यंत सरळ गेलेला रस्ता आणि त्यावर एकटा सायकलस्वार. फोटोग्राफर शहाणा असतो, त्यामुळे मागची व्हॅन फोटोत येत नाही. टपावर पिवळे दिवे, काचेला मेलेल्या किड्यांचा थर, आत घामट जर्सी, अर्धवट खाल्लेले बटाटे आणि तीन माणसं. एक गाडी चालवतो, दुसरा रूटबुकातली पुढची वळणं मोठ्याने वाचतो, तिसरा मांडीवर लॅपटॉप घेऊन देणगीदारांना मेल पाठवतो. मी ही तिन्ही कामं केली आहेत. सायकलवर मात्र टांग टाकलेली नाही.

आमची टीम आठ सायकलस्वारांची होती आणि पैसे गोळा करायचे होते टाइप १ मधुमेहावरच्या संशोधनासाठी. आठांपैकी काहींना स्वतःलाच हा आजार. तो अनेकदा लहानपणी किंवा पौगंडात गाठतो. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते आणि मग जन्मभर इन्सुलिन बाहेरून घ्यावं लागतं. पोराला गोड फार दिलं म्हणून हे होत नाही, आईबापांच्या लाडाने होत नाही. हे वाक्य आम्ही कॅलिफोर्नियापासून मेरीलँडपर्यंतच्या प्रत्येक गॅस स्टेशनवर कुणाला ना कुणाला ऐकवलं असेल.

शर्यत साधारण ३,००० मैलांची, म्हणजे ४,८०० किलोमीटरची. १९८२ मध्ये चार अमेरिकन वल्ली सॅन्टा मोनिकाच्या धक्क्यावरून निघाले आणि न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगपाशी पोहोचले, तिथून हे वेड सुरू झालं. पहिला आलेला लॉन हाल्डमन पावणेदहा दिवसांहून थोडा जास्त वेळ सायकल हाणत होता. पुढे टीम आल्या : दोघांच्या, चौघांच्या, आठांच्या. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. जेवण, झोप, पंक्चर, सगळं त्याच वेळात. टीमला नऊ दिवसांची मुदत. आठ जणांच्या चांगल्या टीमा सहा-सात दिवसांत पोहोचतात आणि त्यांचा एक तरी स्वार रात्रंदिवस रस्त्यावर असतो.

लोकांना वाटतं, आठ जण म्हणजे एकाने दिवसभर चालवायची, मग दुसऱ्याने. तसं केलं तर हरलातच. आम्ही चार-चारचे दोन गट केले होते. एक गट काही तास रस्त्यावर, दुसरा मोटरहोममध्ये झोपेत. रस्त्यावरच्या चौघांतही प्रत्येकाची पाळी पंधरा-वीस मिनिटांची. जीव तोडून चालवायचं, उतरायचं, व्हॅनमध्ये कोसळायचं, तासाभराने पुन्हा सायकलवर. बदलीचा नियम कडक : येणाऱ्याचं चाक नव्या स्वाराच्या चाकाच्या रेषेत आल्याखेरीज बदली झाली असं धरत नाहीत. त्यामुळे क्रूचं काम असं की पुढचा स्वार, त्याची सायकल आणि हेल्मेट रस्त्याच्या कडेला नेमक्या जागी, नेमक्या वेळी उभं पाहिजे. दर बदलीत दहा सेकंद घालवा, शेवटी तासाभराचा घाटा. पायांतल्या ताकदीपेक्षा गाड्यांच्या शिस्तीवर टीमचा नंबर ठरतो असं मी बिनदिक्कत म्हणतो, आणि सायकलस्वार मंडळी त्यावर माझ्याशी बोलेनाशी होतात.

जिथून सुटलो त्या ओशनसाइडचा समुद्रवारा मागे टाकून, डोंगर उतरून बोरेगो स्प्रिंग्जच्या वाळवंटात आलो की पहिली परीक्षा सुरू होते. जूनमध्ये तिथे पारा ४० अंशांच्या वर सहज जातो. बाकीच्या टीमांना पाणी आणि बर्फाची काळजी. आम्हाला इन्सुलिनचीही. उघडलेलं इन्सुलिन ३० अंशांच्या वर राहिलं तर बिघडतं, म्हणून बर्फाच्या पेटीत ठेवायचं. पण बर्फाला चिकटून गोठलं तरी बिघडतं. आमच्या क्रू चीफ बाई मूळच्या नर्स. त्यांनी त्यासाठी वेगळी पेटी केली होती. तळाला बर्फ, वर दुमडलेला टॉवेल, त्यावर इन्सुलिन आणि झाकणावर लाल अक्षरांत धमकी. वाळवंटात पहिल्याच दुपारी मेकॅनिकने गार कोक घेण्यासाठी ती पेटी उघडली. बाईंचा आवाज त्या दिवशी पुढच्या टाइम स्टेशनपर्यंत, म्हणजे वेळ नोंदवायच्या ठिकाणापर्यंत, गेला असावा. स्वारांच्या गळ्यात बर्फ भरलेले बायकांचे नायलॉनचे लांब मोजे घालायची युक्ती सगळ्या टीमा करतात. ते मोजे डझनावारी घ्यायला दुकानात आमचा मेकॅनिकच गेला होता, आणि काउंटरवरच्या मुलीला कारण सांगताना तो जसा घामाघूम झाला तसा वाळवंटातही झाला नाही.

शरीराची गणितंही निराळी. जीव तोडून केलेल्या छोट्या चढाईत अॅड्रेनलिनमुळे रक्तातली साखर वर जाते आणि पुढचे काही तास, अगदी झोपेतसुद्धा, ती घसरत राहते. म्हणून स्वार सायकलवर असताना आकडा २५० दिसला तरी घाईने इन्सुलिन टोचायचं नाही. दंडावरच्या सेन्सरचा आकडा मोबाइलवर येतो आणि तो खाली गेला की गजर वाजतो. आता मोटरहोममध्ये एकाच्या वर एक बर्थवर चार जण झोपलेत आणि चौघांच्या फोनला तोच गजर. रात्री दोनला एकाची साखर उतरली की चौघंही अंधारात आपापला फोन चाचपतात, चौघंही ज्यूसचा डबा फोडतात. ज्यांना गरज नव्हती त्या तिघांची साखर वर, म्हणजे अर्ध्या तासाने दुसरा गजर. झोपेचं वाटोळं. शेवटी बाईंनी प्रत्येकाला वेगळा गजर लावून दिला. एकाला कोंबडा, एकाला आगगाडी, एकाला पोलिसांचा सायरन. सायरन वाजला तेव्हा आमचा मोटरहोमचा ड्रायव्हर इमानदारीत गाडी कडेला घेऊन कागदपत्रं काढून बसला.

या आजाराचे सायकलस्वार म्हटले की टीम टाइप १ चं नाव घ्यावंच लागतं. फिल सदरलँड सात महिन्यांचा असताना त्याचा आजार कळला. पंचविशीपर्यंत हा एक तर आंधळा होईल नाही तर मरेल, असं डॉक्टरांनी त्याच्या आईला सांगितलं होतं. कॉलेजात त्याला जो एल्ड्रिज भेटला. दोघांना तोच आजार, दोघांनाही सायकलचं वेड, पण जो तपासण्यांत आळशी. मग दोघांनी पैज लावली : ज्याची साखर जास्त भरेल त्याने बरीटो खिलवायचा. ज्याला उपदेश पचत नव्हता त्याला बिल भरणं त्याहून जड गेलं आणि साखर ताळ्यावर आली. या दोघांनी उभी केलेली टीम २००६ मध्ये आठांच्या गटात उतरली. ३,००० मैलांनंतर ती दुसरी आली, अवघ्या तीन मिनिटांनी. ही तीन मिनिटं आमच्या क्रूमध्ये दमदाटीसारखी वापरली जात. कुणी बाथरूममध्ये जास्त रेंगाळला की बाहेरून आवाज यायचा, ‘तीन मिनिटं!’ पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, ते जिंकले.

रात्रीचे नियम आणखी कडक. संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत स्वाराच्या पाठीमागे गाडी हवीच. हेडलाइटच्या उजेडाबाहेर त्याने जायचं नाही. म्हणजे ड्रायव्हरने तासन् तास सायकलच्या वेगाने, समोरच्या लाल टेललाइटवर डोळे रोखून गाडी चालवायची. कॅन्सासमध्ये रस्ता वळणच घेत नाही. मक्याची आणि गव्हाची शेतं, धान्याचे उंच सायलो, बाजूने मारणारा वारा. अशा वेळी शेजारच्याने बोलत राहणं हे त्याचं अधिकृत काम असतं. मी आमच्या मेकॅनिकला पेशवाई पहिल्यापासून सांगितली. पानिपतापर्यंत तो जागा होता.

झोप उडाली की काय होतं याच्या दंतकथा क्रूमध्ये फिरतात, आणि त्यांतल्या बऱ्याच खऱ्या आहेत. ही शर्यत पाच वेळा एकट्याने जिंकणारा स्लोव्हेनियाचा यूरे रोबिच. रस्त्याकडेच्या टपालपेट्या त्याला शत्रू वाटत आणि तो सायकलवरून उतरून त्यांच्याशी भिडायला जाई. शर्यत अर्ध्यावर आली की निर्णय त्याने घ्यायचे नाहीत, त्याच्या क्रूने घ्यायचे, असा त्यांच्यात करार होता. मला हा करार फार आवडतो. स्वाराने पाय द्यावेत, डोकं व्हॅनमध्ये ठेवावं. नवी मुंबईच्या कबीर राचुरेने २०१९ मध्ये ही शर्यत एकट्याने पूर्ण केली तेव्हा त्याची क्रू चीफ होती त्याची सख्खी बहीण सपना. बहिणीसमोर ‘मी ठीक आहे’ ही थाप किती चालली असेल ते बहीण असलेल्यांना सांगायला नको. आणि त्याआधी २०१५ मध्ये नाशिकचे महेंद्र आणि हितेंद्र महाजन हे डॉक्टर बंधू दोघांच्या टीममधून उतरले, आदिवासींच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियांसाठी निधी जमवायला, आणि नऊ दिवसांच्या आत पोहोचले. ही शर्यत पुरी करणारी ती भारतातली पहिली टीम. आमच्या आठांच्या टीममध्ये एखादा कुरकुरला की मी त्याला हे दोघांचं गणित करायला लावत असे.

आता पैशांकडे येतो, कारण खरे किस्से तिथेच आहेत. पहिला नियम आम्ही स्वतःवर घालून घेतला होता : मोहिमेचा खर्च वेगळा, देणगी वेगळी. गाड्या, पेट्रोल, मोटेल, प्रवेशशुल्क हे सगळं स्वारांनी आणि प्रायोजकांनी भरायचं. देणगीचा पैसा सरळ संशोधन संस्थेच्या खात्यात. एका देणगीदाराने सडेतोड विचारलं, ‘एवढा खर्च करून तुम्ही देश ओलांडता, तोच पैसा संशोधनाला का देत नाही?’ प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की घरी बसून मेल पाठवली तर ती कुणी उघडत नाही, आणि वुल्फ क्रीक खिंडीतून, साडेदहा हजार फुटांच्या वरून, रात्री थंडीत कुडकुडत पाठवली तर लोक उत्तर देतात. सहा-सात दिवस लोक नकाशावर आपला ठिपका बघत असतात. त्या काळात त्यांच्याशी बोलता येतं. शर्यत हे बोलण्याचं निमित्त आहे, आणि महागडं निमित्त आहे, हेही कबूल.

त्या बोलण्यात एक उदाहरण फार कामी येतं. टेप्लिझुमॅब नावाचं औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं. आजार डोकावतोय पण अजून उघड झालेला नाही अशा, आठ वर्षांच्या आणि त्यावरच्या रुग्णांमध्ये ते आजार पुढे ढकलतं. चाचणीत ही ढकल साधारण दोन वर्षांची निघाली. दोनच वर्षं, असं लोक म्हणतात. नऊ वर्षांच्या मुलीला अकरा वर्षांची होईपर्यंत टोचून घ्यावं लागणार नाही, हे तिच्या आईला सांगून बघा. १९७० मध्ये काही आईबापांनीच सुरू केलेल्या संस्थेने, आता तिचं नाव ब्रेकथ्रू टी१डी, या औषधाच्या कामाला पैसा पुरवला होता. त्या औषधामागे तीन दशकांहून जास्त संशोधन आहे. एवढा काळ सरकार आणि कंपन्यांच्या भरवशावर बसता येत नाही. मधल्या कोरड्या वर्षांत प्रयोगशाळा चालू ठेवायला असाच किडुकमिडुक पैसा लागतो.

मिसूरीत एका टाइम स्टेशनवर पहाटे एक मराठी कुटुंब उभं होतं. काकूंनी मोठ्या डब्यात पोहे आणले होते. ‘यात कार्ब्ज किती ते चिठ्ठीवर लिहिलंय बरं का,’ त्या म्हणाल्या. पोह्यांवर वाटीगणिक कर्बोदकांचा हिशेब मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांच्याबरोबर बारा वर्षांचा मुलगा होता, त्यावरून मी समजलो की आजार त्याला आहे. मुलाला पोह्यांत रस नव्हता. तो आमच्या एका स्वाराच्या दंडावरचा सेन्सर बघत होता. त्याने बाही वर करून स्वतःचा दाखवला. दोघांचं बोलणं सुरू झालं ते साखरेवर नव्हतं. गिअर किती, टायर कुठला, चढावर उभं राहून चालवता का, असले प्रश्न. पाळी आली म्हणून स्वार निघाला, तर मुलगा आईला म्हणाला, ‘याला तर माझ्यापेक्षा जास्त वेळा टोचावं लागत असेल.’ काकूंनी त्या दिवशी त्यांच्या गावच्या मंडळाच्या ग्रुपवर काय लिहिलं ठाऊक नाही, पण दुपारपर्यंत मिसूरीतून इतक्या देणग्या आल्या की बाईंनी मला विचारलं, तिथे तुझी बहीण राहते का.

आणि शेवटी मैलांचे हिशेब. बरेच जण एकरकमी देत नाहीत, दर मैलाला अमुक असं वचन देतात. मैलाला एक सेंट धरला तरी तीस डॉलर होतात, म्हणून हा प्रकार लोकप्रिय. न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या एका काकांनी फोनवर उदारपणे सांगितलं, ‘माझा मैलाला एक डॉलर लिही.’ मी लिहिला. ऍनापोलिसच्या धक्क्यावर पदकं वाटून झाली, स्वार हॉटेलात जाऊन पडले, आम्ही भाड्याच्या व्हॅन धुऊन परत केल्या आणि मग मी काकांना फोन लावला.

‘काका, तीन हजार डॉलर.’

‘कसले?’

‘मैलाचे.’

‘अरे, पण सायकलने किती जाणार, शंभर-दीडशे?’

‘काका, प्रशांत महासागरापासून अटलांटिकपर्यंत.’

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग काकूंचा आवाज, ‘कोण आहे हो?’ आणि काकांचा दबक्या आवाजात, ‘काही नाही, अमेरिका किती रुंद आहे ते विचारतोय.’

काकांनी पैसे दिले, चार हप्त्यांत, शेवटचा हप्ता मंडळाच्या गणपतीत स्टेजवर हार घालून घेऊन. पुढच्या मोहिमेसाठी फोन केला तर त्यांनीच आधी विचारलं, ‘या वेळी अंतर किती? लेखी पाठव.’ आता ते मैलाला पाच सेंट देतात आणि रूटबुकाची प्रत मागून घेतात.