एक्सप्लेनर : वाऱ्याचा वेग दुप्पट, पण टॉवरवरचा जोर चौपट! हॅम रेडिओवाल्यांचं हे गणित काय आहे?

चक्रीवादळात वीज आणि मोबाइल नेटवर्क गेलं की संपर्कासाठी हॅम रेडिओ कामी येतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ अलिबागजवळ धडकलं, तेव्हा रायगडमध्ये विजेचे खांब आणि मोबाइल सेवा दोन्ही कोलमडले होते. पण हॅमचा अँटेना त्याच वाऱ्यात टिकला तरच उपयोग. त्यासाठी टॉवर उभारण्याआधी वाऱ्याचा भार काढावा लागतो.

वाऱ्याचा वेग किती धरायचा?

'आयएस ८७५ भाग ३' या भारतीय मानकात तो दिला आहे. मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किमी. पुण्यासाठी ३९ मीटर. हा रोजचा वारा नाही; ५० वर्षांचा विचार करून ठरवलेला, जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा झोत आहे. उंची, मोकळा परिसर, टेकडी यांसाठी वेगळे गुणक लागतात.

सूत्र काय?

वेगाचा वर्ग गुणिले ०.६. उत्तर येतं दर चौरस मीटरवरच्या न्यूटनमध्ये. किलोच्या भाषेत, एका चौरस मीटरवर :

• ताशी ६० किमी : सुमारे १७ किलो
• ताशी १२० किमी : सुमारे ६८ किलो
• ताशी १५८ किमी : सुमारे ११८ किलो

अँटेनावर किती जोर येतो?

समजा, यागी अँटेनाचं वाऱ्यासमोर येणारं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर आहे. गोल नळ्यांसाठी आकाराचा गुणक १.२ धरला, तर मुंबईच्या वेगाला जोर येतो सुमारे ७१ किलो.

आकडा छोटा वाटतो, पण टॉवर १२ मीटरचा असेल तर तो लांब पहारीसारखं काम करतो. पाया अर्धा मीटर रुंद आणि ताणाच्या तारा नसतील, तर टॉवरचं वजन सोडून एका बाजूच्या बोल्टांवर मिळून सुमारे १,७०० किलोची ओढ येते. टॉवरच्या सांगाड्यावरचा वारा यात धरलेलाच नाही.

गच्चीवर टॉवर असेल तर?

उंची जमिनीपासून मोजायची, गच्चीपासून नाही. पाण्याच्या टाकीला किंवा कठड्याला तारा बांधून भागत नाही. ही ओढ स्लॅब आणि कॉलमनी पेलायला हवी. तारा टॉवरला खालीही दाबतात, तो भारही धरावा लागतो. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनीअरची तपासणी आवश्यक.

वादळाचा इशारा आला तर?

सरकता टॉवर खाली घ्यावा. उंची निम्मी झाली की अँटेनामुळे पायावर येणारी ओढही निम्मी होते. मोठा यागी उतरवून तारेचा साधा डायपोल लावता येतो. त्याला वारा फारसा अडत नाही आणि संपर्कही चालू राहतो.