बारावीनंतर कृषी पदवी : अर्ज भरण्याआधी घरचे कागद पाहा

आडसाली लागण कधी धरायची, द्राक्षाची फळछाटणी कोणत्या आठवड्यात घ्यायची, हळद कधी काढायची हे आपल्याकडे कुणी सांगावे लागत नाही. परंतु घरातील मुलगा किंवा मुलगी बारावी विज्ञानाला असेल, तर त्या वर्षी आणखी एक हंगाम सांभाळावा लागतो. तो म्हणजे प्रवेशाचा हंगाम. हा हंगाम नेमका शेतीच्या घाईत येतो. प्रवेश परीक्षेची नोंदणी हिवाळ्यात सुरू होते, तेव्हा कराड-वाळव्याकडे ऊसतोड जोरात असते आणि तासगाव, मिरज भागात द्राक्षे उतरायला आलेली असतात. परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे खरड छाटणीच्या सुमारास होते. प्रवेश फेऱ्या लागतात तेव्हा खरिपाची पेरणी आणि उसाची लागण चालू असते. त्यामुळे "पोरगं बघून घेईल" असे म्हणून पालक बाजूला होतात. मुले अर्ज भरतात, पण कागद मुलांच्या हातात नसतात. ते आजोबांच्या पेटीत आणि तलाठी कार्यालयाच्या दप्तरात असतात.

तासगाव तालुक्यातील एका बागायतदारांची गोष्ट सांगतो. मुलगी अभ्यासात चांगली होती व प्रवेश परीक्षेतही गुण बरे पडले होते. घरी तीन एकर द्राक्ष आणि थोडी ज्वारी. तरीही पहिल्या गुणवत्ता यादीत तिला शेतकरी पाल्य म्हणून मिळणारा अधिभार मिळाला नाही. कारण एवढेच, की सातबारा अजून वारलेल्या पणजोबांच्या नावावर होता. दोन पिढ्यांत वारस नोंद झालीच नव्हती. भावकीत वाद नव्हता, नोंद कुणी अडवली नव्हती. करायची राहून गेली होती, इतकेच. धावपळ करून नोंद झाली तोवर कागद सादर करण्याची मुदत संपली होती. मुलीला त्या वर्षी घरापासून लांबच्या विनाअनुदानित महाविद्यालयात जास्त फी भरून जावे लागले. हा लेख लिहिण्याचे कारण हेच.

अर्ज नेमका कोठे करायचा ?

प्रथम एक गैरसमज दूर करू. सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील बी. ए., बी. कॉम. किंवा साधी बी. एस्सी. ही पदवी १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाची असते. बी. एस्सी. कृषी त्यात येत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील दहा जिल्हे १९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहेत आणि आपले दोन्ही जिल्हे त्यातच मोडतात. या विद्यापीठाची शासकीय कृषी महाविद्यालये आपल्याला जवळ आहेत ती कराड आणि कोल्हापूरला. कोल्हापूरचे महाविद्यालय १९६३ सालचे आहे. पुण्याचे कृषी महाविद्यालय तर शंभर वर्षांहून जुने. याशिवाय दोन्ही जिल्ह्यांत विद्यापीठाशी संलग्न विनाअनुदानित महाविद्यालये आहेत. राज्यात आणखी तीन कृषी विद्यापीठे आहेत, अकोला, परभणी व दापोली. मार्क थोडे कमी पडत असतील तर त्यांच्याकडील महाविद्यालयेही पसंतीक्रमात घालावीत.

अर्ज मात्र राहुरीला किंवा महाविद्यालयात जाऊन द्यायचा नाही. पूर्वी प्रवेशाचे काम पुण्याच्या महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेमार्फत होत असे. आता चारही विद्यापीठांसाठीची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया राज्याच्या सीईटी कक्षामार्फत संगणकावर होते. येथे दोन वेगळे अर्ज असतात, हे पक्के लक्षात ठेवावे. पहिला अर्ज प्रवेश परीक्षेचा, म्हणजे एमएचटी-सीईटीचा. दुसरा बारावीच्या निकालानंतर प्रवेश प्रक्रियेचा. परीक्षा दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असे समजून कित्येक मुले घरी बसतात आणि यादीत नाव का नाही म्हणून विचारायला येतात.

आणखी एक. मुलाला जनावरांचा डॉक्टर व्हायचे असेल तर हा रस्ता चालणार नाही. पशुवैद्यक शाखा २००० साली स्थापन झालेल्या नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे आणि तिच्या प्रवेशासाठी नीट ही परीक्षा द्यावी लागते. साताऱ्यात खंडाळा तालुक्यातील शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय याच विद्यापीठाचे. कोणती परीक्षा द्यायची हे अकरावीतच ठरवलेले बरे.

परीक्षा व विषय

बी. एस्सी. कृषीसाठी अकरावी-बारावीला विज्ञान शाखा लागते. भौतिक व रसायनशास्त्राबरोबर जीवशास्त्र घेतलेले चालते, गणित घेतलेलेही चालते. कृषी अभियांत्रिकीला जायचे तर गणित हवेच. कला शाखेला बसवून पुढे "कृषीला घालू" असे म्हणता येत नाही. जत, आटपाडी, माण भागात विज्ञान शाखेचे कनिष्ठ महाविद्यालय गावापासून लांब असते, म्हणून मुलींना जवळच्या कला शाखेत घातले जाते. तिथेच हा रस्ता बंद होतो. दहावीचा निकाल लागला की याचा विचार करावा, बारावीनंतर नव्हे.

सीईटीचा पेपर दोनशे गुणांचा असतो. त्यात बारावीच्या अभ्यासक्रमावर साधारण ऐंशी टक्के आणि अकरावीवर वीस टक्के भर असतो. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. भौतिक, रसायन व जीवशास्त्र यांचे प्रश्न मराठीतूनही मिळतात, गणिताचे मात्र इंग्रजीतूनच येतात. परीक्षा संगणकावर असते. ज्या मुलाने कधी माऊस हाताळला नाही त्याने आधी महिनाभर शाळेत किंवा तालुक्याच्या ठिकाणी सराव करावा. ही बाब किरकोळ वाटते, पण तीन तासांच्या पेपरात पहिली पंधरा मिनिटे बावरण्यात गेली तर ती भरून निघत नाहीत.

सातबारा, आणि त्यावरचे नाव

आता मुख्य मुद्दा. कृषी पदवीच्या प्रवेशात शेतजमीनधारकाच्या, तसेच भूमिहीन शेतमजुराच्या पाल्याला गुणवत्तेत अधिभार देण्याची पद्धत आहे. आजवरच्या नियमांत तो १२ टक्के राहिलेला आहे. जिथे उमेदवारांच्या गुणांत दशांशाचा फरक असतो, तिथे हा आकडा केवढा मोठा आहे हे निराळे सांगायला नको. तो आपोआप मिळत नाही. त्यासाठी सातबारा आणि माहितीपुस्तिकेत दिलेल्या नमुन्यातील दाखला लागतो. नमुना दर वर्षीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा, गेल्या वर्षीच्या मुलाकडून झेरॉक्स आणू नये. जमीन कोणाच्या नावावर असली तर चालेल, हेही पुस्तिकेतच वाचावे. शेतमजुराच्या मुलांनाही हा लाभ आहे ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. वाचकांनी आपल्याकडे कामाला येणाऱ्या कुटुंबांना ती जरूर सांगावी.

सातबारा आजोबा-पणजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारस नोंद करून घ्यावी. त्यासाठी मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची माहिती देऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज द्यावा. हा अर्ज ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. वारसांची चौकशी होऊन फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कागदावर हे महिनाभराचे काम दिसते. प्रत्यक्षात एखादी बहीण मुंबईला असते, एखाद्या चुलत्याची सही राहते, आणि दोन-तीन महिने सहज जातात. म्हणून मुलगा अकरावीला असतानाच हे काम हातात घ्यावे. बहिणींची नावे गाळून नोंद उरकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. ते बेकायदेशीर आहे, आणि हरकत आली की सगळेच अडते. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी शासनाने २०२५ साली 'जिवंत सातबारा' मोहीम राबवली. त्या वेळी आपली नोंद झाली का, हे एकदा उतारा काढून पाहावे. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो.

दुसरी अडचण आपल्या भागाची खास आहे. सातबाऱ्यावर वडिलांचे नाव 'बाळासो', आधारवर 'बाळासाहेब' आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर 'बाळू'. आप्पासो, रावसो, तात्यासो यांचे तेच. गावात सर्वांना ठाऊक असते की माणूस एकच आहे, पण कागद तपासणारा त्रुटी काढतो. शाळेच्या दाखल्यातील दुरुस्ती विद्यार्थी शाळेत असेपर्यंत सोपी जाते, एकदा शाळा सोडल्यावर ती किचकट होते. दहावीचा फॉर्म भरताना एक संध्याकाळ काढून सर्व कागद चटईवर शेजारी शेजारी मांडावेत आणि नावे अक्षर अक्षर ताडून पाहावीत.

इतर दाखले

वय व अधिवासाचा दाखला तसेच उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो, अर्ज महा ई-सेवा केंद्रात देता येतो. इतर मागास व तत्सम प्रवर्गांना नॉन-क्रिमिलेअर दाखला लागतो. त्याची मुदत ३१ मार्चला संपते हे ध्यानात ठेवावे, कारण प्रवेश असतो जून-जुलैनंतर. मागासवर्गीय जागेसाठी जातीचा दाखला पुरेसा नाही, जात पडताळणीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. त्याचा अर्ज मुलगा बारावीला असतानाच महाविद्यालयामार्फत जिल्हा समितीकडे पाठवावा. निकालानंतर पाठवलेला अर्ज वेळेत परत येईल या भरवशावर राहू नये.

फी आणि दलाल

फीच्या भीतीने चांगल्या मुलांनी मागे फिरू नये. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना असून त्यात अल्पभूधारक शेतकऱ्यांची मुले येतात. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना याच उत्पन्न मर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले आहे. इतर प्रवर्गांसाठी त्या त्या विभागाच्या योजना आहेत. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करायचे असतात आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात.

परंतु हे लाभ मिळतात ते केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतला तरच. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला शिष्यवृत्ती लागू होत नाही. जुलैमध्ये बाजारच्या दिवशी एखादा गृहस्थ भेटतो, "फेऱ्यांच्या भानगडीत पडू नका, जागा धरून ठेवली आहे" म्हणतो आणि पन्नास हजार आगाऊ मागतो. त्याला एकच विचारावे, महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे आणि सीईटी कक्षाच्या यादीत त्याचा सांकेतांक काय. उत्तर लांबले की समजून घ्यावे. खासगी विद्यापीठांचे प्रवेश व फी यांचे नियम वेगळे असतात, तेही आधी लेखी पाहावेत.

पसंतीक्रम भरताना शेजाऱ्याचा क्रम उतरवू नये. खरोखर जायचे आहे तीच महाविद्यालये, त्याच क्रमाने लिहावीत. पहिल्या क्रमांकाची जागा मिळाली आणि ती नाकारली तर पुढच्या फेऱ्यांत संधी राहत नाही. शासकीय महाविद्यालय लांब असले तरी ते वर ठेवावे असे आमचे मत आहे. तेथे फी कमी, प्रक्षेत्र मोठे आणि संशोधन केंद्राशी संबंध जवळचा असतो. फलटण तालुक्यातील पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने १९९६ साली आपल्याला को ८६०३२ दिला. अशा केंद्रांवर काम पाहिलेला विद्यार्थी आणि फक्त वर्गात बसलेला विद्यार्थी यांत फरक पडतोच.

अभ्यासक्रम चार वर्षांचा असून शिकवणे इंग्रजीतून असते. शेवटच्या वर्षात ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी मुले गावात येऊन राहतात, ती आपण पाहिलीच असतील. पदवी झाली की नोकरी ठेवलेली आहे असे मात्र समजू नये. कृषी सेवेच्या व बँकांच्या जागांना स्पर्धा परीक्षा आहेत. कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला ठरवून दिलेले शिक्षण लागते आणि कृषी पदवीधर त्यात बसतो, म्हणून कृषी सेवा केंद्र काढणारे पुष्कळ आहेत. काही जण घरची बाग सांभाळतात. यांपैकी काय करायचे याची चर्चा अर्जापूर्वी घरात झालेली बरी.

प्रवेश निश्चित करताना शाळा सोडल्याचा मूळ दाखला महाविद्यालयात जमा करावा लागतो. त्याच्या चार-पाच छायाप्रती साक्षांकित करून आधीच घरी ठेवाव्यात. अर्जात दिलेला मोबाइल क्रमांक चार वर्षे बंद करू नये, कारण शिष्यवृत्तीचा संदेश त्यावरच येतो. शंका असल्यास साताऱ्यात बोरगाव किंवा कालवडे व सांगलीत कांचनपूर येथील कृषी विज्ञान केंद्रात, अथवा कराडच्या कृषी महाविद्यालयात, मुलाला सोबत घेऊन यावे. येताना सातबारा आणावा.