संगणकीय न्यायवैद्यकाची चार दशके

संगणक आणि साठवणुकीच्या साधनांतील माहिती न्यायालयात टिकेल अशा रीतीने जतन करून तिचा अर्थ लावणारे शास्त्र म्हणजे संगणकीय न्यायवैद्यक. ते विद्यापीठात नव्हे, पोलिसी गरजेतून जन्माला आले. अमेरिकेच्या एफबीआयने १९८४ साली चुंबकीय माध्यमांच्या तपासणीचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा या कामाला ना पाठ्यपुस्तक होते ना सर्वमान्य पद्धत. संशोधकांनी २००१ साली न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथे एकत्र येऊन विषयाची व्याख्या ठरवण्याचा प्रयत्न केला, आणि ब्रायन कॅरिअर यांचा फाइल सिस्टीमवरील ग्रंथ २००५ साली आला. साधने आधी आणि सिद्धान्त नंतर, हा उलटा क्रम या विषयाला पुढेही भोवला.

फाइल सिस्टीम म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कोठे आहे याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था. फाइल डिलीट केली की ही व्यवस्था बहुधा तेवढी जागा मोकळी झाल्याची नोंद करते. मजकूर मात्र त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जागच्या जागी राहतो. सिमसन गारफिंकल आणि अभि शेलट यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू स्थितीत होत्या आणि नीट पुसलेल्या जेमतेम १२ निघाल्या, असे त्यांनी २००३ साली प्रसिद्ध केले. विकणाऱ्यांच्या या गाफीलपणावरच तपासाची निम्मी मदार होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुरावा मात्र नुसता सापडून भागत नाही. म्हणून डिस्कवर काहीही लिहिले जाऊ न देणारे राइट ब्लॉकर हे उपकरण जोडून तिची जशीच्या तशी प्रत घेण्याची, आणि मूळ व प्रत यांचा हॅश, म्हणजे मजकुरातून गणिताने काढलेला ठसा, ताडून पाहण्याची शिस्त रुजली. २००४ साली एमडी५ या पद्धतीत दोन भिन्न मजकुरांचा एकच हॅश घडवून दाखवण्यात आला, तेव्हा अधिक भक्कम पद्धतींकडे वळणे भाग पडले.

गारफिंकल यांनी २०१० साली या क्षेत्राचे सुवर्णयुग सरत असल्याचे लिहिले, ते खरेच ठरले. एसएसडी या चिपवर माहिती साठवणाऱ्या साधनातील, मोकळी झालेली जागा कळवणाऱ्या ट्रिम आज्ञेमुळे डिलीट केलेला मजकूर बरेचदा काही वेळातच कायमचा जातो, कूटबद्ध फोन किल्लीवाचून मुका राहतो आणि क्लाउडमधील माहिती जप्त करण्याजोगी डिस्कच हाती लागत नाही.

भारतात इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून ग्राह्य धरण्याविषयीचे पुरावा कायद्यातील कलम ६५ब माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर २००० साली आले, पण अशा नोंदीसोबत द्यायचे त्यातील प्रमाणपत्र सक्तीचे की ऐच्छिक, यावर न्यायालयांची मते फिरत राहिली. जालना मतदारसंघातील निवडणुकीच्या वादातून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली, मूळ उपकरणच न्यायालयापुढे न आल्यास, ते सक्तीचे ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश मूल्यही नोंदवावे लागते.