चौथ्या गटातल्या बायका

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी बाईने आपला नमुना आपणच घ्यायचा, त्या पद्धतीबद्दल आज लिहायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या आठवड्यात. उस्मानाबादच्या खेड्यांत बायकांचे चार गट करून या तपासणीचा अभ्यास झाला, त्यावरचा माझा लेख वाचून लातूरच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे की, तीन गटांना तपासणी देऊ केली, मग चौथ्या गटातल्या 31,488 बायकांची का केली नाही? याचं उत्तर दिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

आकडे बोचणारेच आहेत. ज्या गटाला एकदा एचपीव्ही, म्हणजे या कॅन्सरच्या विषाणूची, चाचणी देऊ केली, त्यात 34,126 बायका होत्या. आठ वर्षांत त्यांतल्या 34 जणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेल्या. चौथा गट त्याहून लहान, आणि तिथे गेल्या 64 जणी. गट पाडले होते ते 52 प्राथमिक आरोग्य केंद्रांनुसार, त्यांत 497 गावं. एका बाईला तपासायचं आणि शेजारणीला नाही, असं एकाच गावात करणं शक्यच नव्हतं. पण त्यामुळे एखादीचं माहेर तपासणीच्या गटात आणि सासर चौथ्या गटात, असंही झालं असणार.

तरीही तो गट ठेवणं मला समजतं. अभ्यास सुरू झाला तेव्हा, 1999 साली, त्या खेड्यांत कुणाचीच नियमित तपासणी होत नव्हती. पॅप चाचणीचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींचा, नमुना काचपट्टीवर घेता येतो. पण तो वाचायला तरबेज डोळे लागतात आणि ते असायचे शहरात. अंगावरून जातंय म्हणून बाई दवाखान्यात पोचेपर्यंत आजार बहुतेक वेळा हाताबाहेर गेलेला असायचा. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात डॉ. बी. एम. नेने आणि त्यांचे सहकारी 1987 पासून खेड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवत होते, त्यांना हे पाठ होतं. प्रश्न होता तो असा की, एवढा खटाटोप करून आपल्या खेड्यांत मरण टळतं का? ते ठरवायला काहीच न मिळालेल्यांशी तुलना करावी लागते.

आणि उत्तर अनपेक्षित निघालं. एका गटाला दिलेल्या पॅपच्या एका फेरीने मृत्यू ठळकपणे कमी झाले नाहीत. सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून, मिनिटभर थांबून पांढरे डाग पाहायचे, त्या दुसऱ्या गटाला दिलेल्या तपासणीच्या एका फेरीनेही नाहीत. एचपीव्हीने ते जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांतल्या वेगळ्या अभ्यासात अ‍ॅसेटिक आम्लाच्याच तपासणीने मृत्यू 31 टक्क्यांनी घटले, पण तिथे दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या होत्या. एका फेरीत काय साधतं आणि काय नाही, हे चौथ्या गटाशिवाय कळलं नसतं.

एरिक सुबा या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टांना हे मान्य नाही. उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडूतलं दिंडिगुल, या तीन अभ्यासांत मिळून 1,38,624 बायका तपासणीविना राहिल्या आणि त्यांतल्या 254 दगावल्या, हा त्यांचा आक्षेप. पॅपचा उपयोग पाश्चात्त्य देशांत केव्हाच सिद्ध झाला होता, मग पुन्हा पुरावा कशाला, असं ते म्हणतात. त्यांच्या तक्रारीवरून मुंबईच्या अभ्यासाची अमेरिकेत चौकशी झाली आणि बायकांना संमतीआधी दिलेली माहिती अपुरी ठरली.

माहिती देण्याच्या या बाबतीत मी पूर्णपणे सुबांच्या बाजूने आहे. अशी तपासणी असते, ती पलीकडच्या गावाला मिळते आहे, तुम्हाला मिळणार नाही, हे बाईला तिच्या बोलीत सांगितलंच पाहिजे. उस्मानाबादच्या चौथ्या गटाला आजाराची आणि रुग्णालयात तपासणी कशी करून घ्यायची याची माहिती दिली होती. पण दिवसाची मजुरी बुडवून, एसटीने, काही दुखत नसताना किती जणी जातील?

शिक्षिकाबाई, तुमच्या प्रश्नाचा रोख संशोधकांवर आहे. मला त्याहून जास्त राग येतो तो पुढच्या वर्षांचा. उस्मानाबादचे निकाल 2009 साली प्रसिद्ध झाले. तपासणीचा सरकारी आराखडा यायला 2016 उजाडलं. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या 1.9 टक्के. म्हणजे जवळजवळ अख्खा देश अजून चौथ्या गटातच आहे.

तुमच्या पालकसभेला तिशी ओलांडलेल्या आया येतात. पुढच्या सभेला गावच्या आशाताईंना बोलवा आणि ही तपासणी कुठे, कोणत्या दिवशी होते ते सगळ्यांसमोर विचारा. उत्तर मिळालं नाही, तर आरोग्य केंद्राला लेखी विचारा आणि मला कळवा.